ब्रिटनमधील कल्याणकारी राज्य : उगम आणि वाटचाल

'कल्याणकारी राज्य' हा शब्दप्रयोग आपल्या शासकीय कागदपत्रांत, पाठ्यपुस्तकांत आणि सभासंमेलनांतील भाषणांत इतका रूळला आहे की, तो कोठून आला आणि त्यामागे किती काळाची खटपट आहे, याचा विचार सहसा होत नाही. इंग्लंडमध्ये आर्चबिशप विल्यम टेंपल यांनी १९४१ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, हा शब्द वापरला. जर्मनीतील नाझी राजवट म्हणजे केवळ सत्तेसाठी चालणारे राज्य, तर प्रजेच्या हितासाठी चालणारे ते कल्याणकारी राज्य, असा भेद त्यांना दाखवावयाचा होता. गंमत अशी की, ज्यांना या राज्याचे शिल्पकार मानले जाते त्या सर विल्यम बेव्हरिज यांना हा शब्द मुळीच रुचत नसे. राज्य वरून काहीतरी वाटत आहे आणि प्रजा हात पसरून घेत आहे, असे चित्र त्यातून उभे राहते, असे त्यांना वाटे.

बेव्हरिज यांचा आक्षेप शाब्दिक वाटला तरी तो तसा नाही. अडचणीत सापडलेला माणूस सरकारी कचेरीच्या दारात येतो तेव्हा तो याचक म्हणून येतो की हक्कदार म्हणून, या एका प्रश्नाभोवती ब्रिटनमधील समाजकल्याणाचा तीन-चार शतकांचा इतिहास फिरत राहिला आहे.

पॅरिशची मदत आणि वर्कहाउसची भीती

या इतिहासाचा आरंभ सामान्यतः १६०१ च्या कायद्यापासून धरतात. राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीत झालेल्या या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गाववस्तीवर, आपल्या गरिबांची जबाबदारी टाकली. घरादारांवर व जमिनीवर पट्टी बसवावयाची, देखरेखीसाठी गावातलेच पंच नेमावयाचे, पंगूंना व वृद्धांना मदत द्यावयाची आणि धडधाकट असेल त्याला कामाला लावावयाचे, अशी ही व्यवस्था होती. पट्टी गावाने द्यावयाची असल्यामुळे दुसऱ्या गावचा गरीब आपल्याकडे राहू नये याविषयी प्रत्येक गाव दक्ष असे. १६६२ साली तर तशा माणसाला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत पाठविण्याचा अधिकारच कायद्याने देण्यात आला.

पुढे १७९५ साली धान्य कडाडले. तेव्हा बर्कशायर परगण्यातील न्यायाधीशांनी स्पीनहॅमलँड येथे जमून एक कोष्टक तयार केले. पावाची किंमत आणि घरातील माणसांची संख्या पाहून, मजुरी कमी पडेल तेवढी रक्कम पट्टीतून भरून द्यावयाची, असे त्याचे स्वरूप होते. हेतू चांगलाच होता. परंतु तूट गाव भरून काढते म्हटल्यावर शेतमालकांना मजुरी वाढविण्याची निकड उरली नाही, अशी तक्रार होऊ लागली आणि पट्टीचा बोजा मात्र वाढत गेला.

यावर उपाय म्हणून १८३४ चा नवा कायदा आला. त्याचे सूत्र असे होते की, मदत घेणाऱ्याची स्थिती बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षाही हलकी असली पाहिजे, म्हणजे खरोखर निरुपाय झाल्याखेरीज कोणी मदत मागणार नाही. या सूत्रातून वर्कहाउसे उभी राहिली. आत गेल्यावर नवराबायकोची ताटातूट होई आणि मुले वेगळी ठेवली जात. अंगावर संस्थेचे कपडे असत आणि दगड फोडणे, जुने दोर पिंजणे अशी कामे करावी लागत. अँडोव्हर येथील वर्कहाउसमध्ये खतासाठी हाडे कुटण्याचे काम दिलेले होते. भुकेने व्याकूळ झालेली माणसे त्या हाडांना चिकटलेले मांस व आतील मज्जा खात होती, ही गोष्ट १८४५ साली उघडकीस आली आणि सारा देश हादरला. चौकशी झाली, मंडळाची पुनर्रचना झाली, पण सूत्र तेच राहिले. गरिबांच्या पट्टीतून मदत घेणाऱ्याला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येत नसे, आणि हा निर्बंध १९१८ पर्यंत कायम होता. मदत मागणे म्हणजे नागरिकत्वाचा काही अंश सोडून देणे, असाच याचा अर्थ होतो.

दारिद्र्याची मोजदाद

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सुखवस्तू समाजाची अशी पक्की समजूत होती की, गरिबी ही आळसाची, व्यसनाची किंवा उधळेपणाची फळे होत. ही समजूत उपदेशाने नव्हे, तर मोजणीने ढासळली. चार्ल्स बूथ या जहाजमालकाने स्वखर्चाने लंडन शहराची पाहणी केली. गल्लीगल्लीतील माहिती गोळा करून, वस्त्यांना निरनिराळे रंग देऊन त्याने नकाशे तयार केले. शहरातील सुमारे ३० टक्के लोक दारिद्र्यात आहेत, असा त्याचा निष्कर्ष निघाला. सीबोम राउंट्री यांनी यॉर्क या त्यामानाने लहान गावाची पाहणी करून १९०१ साली पुस्तक प्रसिद्ध केले. तेथील आकडा जवळजवळ २८ टक्के होता.

राउंट्री यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली, आणि तीच अधिक महत्त्वाची ठरली. मजुराच्या आयुष्यात गरिबी तीनदा येते. पहिली वेळ तो स्वतः लहान असताना, दुसरी त्याची मुले लहान असताना, आणि तिसरी हातपाय थकल्यावर. मधली काही वर्षे तेवढी बरी जातात. दोष माणसाच्या स्वभावात नसून मजुरीच्या तुटपुंजेपणात, आजारपणात आणि वार्धक्यात आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट झाले. त्याच सुमारास, १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धाच्या वेळी, भरतीसाठी आलेले तरुण शारीरिक दृष्ट्या अपात्र म्हणून मोठ्या संख्येने परत पाठवावे लागले. साम्राज्याच्या चिंतेने का होईना, सत्ताधाऱ्यांचे लक्ष गरिबांच्या मुलांकडे वळले. १९०६ साली शाळांत जेवण देण्याची मुभा मिळाली आणि १९०७ साली विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय तपासणीचा कायदा झाला.

टपालकचेरीतील पाच शिलिंग

१ जानेवारी १९०९ हा दिवस ब्रिटनमधील खेड्यापाड्यांतील वृद्धांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिला. आदल्या वर्षी संमत झालेल्या कायद्यान्वये त्या दिवसापासून सत्तर वर्षांवरील गरजू व्यक्तींना आठवड्याला पाच शिलिंग निवृत्तिवेतन मिळू लागले. रक्कम फार नव्हती. वीस शिलिंगांचा एक पौंड होत असे. उत्पन्नाची अट होती, आणि तुरुंगवास भोगलेल्यांना व सवयीने काम टाळणाऱ्यांना वगळले होते. तरीही यात तीन गोष्टी नव्या होत्या. यासाठी अर्जदाराला आधी वर्गणी भरावी लागत नव्हती, पैसा गावच्या पट्टीतून नव्हे तर देशाच्या तिजोरीतून येत होता, आणि तो वर्कहाउसच्या मंडळाकडून नव्हे तर टपालकचेरीतून मिळत होता. ज्या खिडकीवर सर्व लोक तिकिटे घ्यावयास जातात, तीच खिडकी. शासनव्यवहाराचा अनुभव असलेल्यांना या साध्या तपशिलाचे मोल निराळे सांगावयास नको. पहिल्या काही महिन्यांतच पाच लाखांहून अधिक वृद्ध या खिडकीशी येऊन गेले. एका इंग्रज लेखिकेने आपल्या खेड्याच्या आठवणींत असे नमूद केले आहे की, अर्थमंत्री लॉइड जॉर्ज हे कोणी बडे सरदारच असले पाहिजेत, असे समजून म्हातारी माणसे त्यांना दुवा देत आणि पैसे मोजून देणाऱ्या पोस्टातील मुलीसाठी बागेतली फुले व सफरचंदे घेऊन येत.

वर्गणीवर आधारलेल्या विम्याचा मार्ग मात्र जर्मनीने आधी दाखविला होता. चॅन्सेलर बिस्मार्क यांनी १८८३ साली आजारपणाचा, १८८४ साली अपघाताचा आणि १८८९ साली वार्धक्य व अपंगत्वाचा विमा सुरू केला होता. त्यात कामगारांविषयीच्या कळकळीपेक्षा समाजवादी पक्षाचा जोर मोडण्याचा हेतू अधिक होता, हे बिस्मार्क यांनीही फारसे लपविले नाही. लॉइड जॉर्ज १९०८ साली जर्मनीस जाऊन ती व्यवस्था पाहून आले. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यात कामगाराने आठवड्याला चार पेन्स, मालकाने तीन आणि सरकारने दोन पेन्स भरावयाचे ठरले. चार पेन्सांत नऊ पेन्सांचा माल, अशा भाषेत लॉइड जॉर्ज यांनी त्याचा प्रचार केला. आजारी कामगाराला आठवड्याला दहा शिलिंग आणि डॉक्टरची सेवा मिळू लागली. बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रनिर्मिती अशा ठरावीक धंद्यांत बेकारीचा भत्ताही आला. विम्याच्या कार्डावर दर आठवड्याला तिकिटे डकवावी लागत. घरच्या मोलकरणींसाठी ही तिकिटे चाटून चिकटविण्याची वेळ आपल्यावर यावी याचा खेद वाटून उच्चवर्गीय स्त्रियांनी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये निषेधसभा भरविली होती!

या योजनेत एक मोठी उणीव होती. डॉक्टरची सेवा वर्गणी भरणाऱ्या कामगारापुरतीच होती, त्याच्या बायकोला व मुलांना नव्हती. घरातील स्त्री आपले दुखणे अंगावर काढीत राहिली.

घरातली चौकशी

पहिल्या महायुद्धानंतर बेकारी वाढत गेली आणि १९३२-३३ च्या हिवाळ्यात बेकारांची संख्या तीस लाखांच्या आसपास पोहोचली. विम्याचा निधी केव्हाच आटला होता. १९३१ साली सरकारने भत्त्यात कपात केली आणि विम्याची मुदत संपलेल्यांसाठी साधनचाचणी लागू केली. इंग्रजीतील 'मीन्स टेस्ट' हे तिचे नाव ब्रिटनमधील कामगार वस्त्यांत पुढे कित्येक वर्षे शिवीसारखे वापरले गेले. चौकशी अर्जदाराच्या एकट्याच्या उत्पन्नाची नसे, तर सबंध घराची असे. मुलाची मजुरी, मुलीची कमाई, म्हाताऱ्याचे निवृत्तिवेतन, गाठीला असलेली शिल्लक, सर्व हिशेबात धरले जाई. विकण्याजोगे सामानही अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नसे. बापाचा भत्ता बंद होऊ नये म्हणून कमावती मुले घर सोडून भाड्याच्या खोलीत राहावयास जात. नियम करणाऱ्यांचा हेतू तिजोरीचे रक्षण करण्याचा होता, आणि आकड्यांच्या दृष्टीने तो काही अंशी सफलही झाला असेल. परंतु कुटुंबे मोडली, आणि बाप मुलांच्या ताटाखालचा झाला. १९३६ साली जॅरो या गावातील दोनशे बेकार गोदीकामगार व इतर पुरुष पायी चालत लंडनला गेले, तेव्हा त्यांनी काम मागितले होते, भत्ता नव्हे.

बेव्हरिज यांचा अहवाल

विल्यम बेव्हरिज यांचा जन्म १८७९ साली बंगालमधील रंगपूर येथे झाला. त्यांचे वडील हिंदुस्थानच्या मुलकी सेवेत न्यायाधीश होते आणि आईने पुढे बाबराच्या आत्मचरित्राचे इंग्रजी भाषांतर केले. तरुणपणी बेव्हरिज लंडनच्या गरीब वस्तीतील टॉयनबी हॉल या सेवासंस्थेत राहिले आणि बेकारीच्या प्रश्नाचे तज्ज्ञ बनले. १९१० साली देशभर सुरू झालेल्या रोजगार विनिमय केंद्रांची उभारणी त्यांच्याच देखरेखीखाली झाली. १९१९ ते १९३७ या काळात ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना १९२३ साली त्या संस्थेतून डी.एस्सी. ही पदवी मिळाली, ती बेव्हरिज यांच्याच कारकिर्दीत.

जून १९४१ मध्ये त्यांना सामाजिक विम्याच्या निरनिराळ्या योजनांचा मेळ घालण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद देण्यात आले. युद्धकाळात मनुष्यबळाचे महत्त्वाचे काम आपणाकडे येईल अशी त्यांची अपेक्षा होती. हे अडगळीतले काम पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, असे सांगतात. समितीचे बाकीचे सदस्य निरनिराळ्या खात्यांचे अधिकारी होते. अहवाल धोरणाच्या प्रश्नात शिरतो आहे हे लक्षात येताच, अधिकाऱ्यांनी त्यावर सही करू नये असे ठरले आणि तो एकट्या बेव्हरिज यांच्या सहीने प्रसिद्ध झाला. अडगळीतल्या कामाचे सोने कसे होते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण शासकीय समित्यांच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

डिसेंबर १९४२ मध्ये हा अहवाल विक्रीस आला तेव्हा सरकारी प्रकाशनांच्या दुकानासमोर रांगा लागल्या. मूळ अहवाल व त्याचा संक्षेप मिळून सहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. तक्ते आणि परिशिष्टांनी भरलेल्या सरकारी अहवालाच्या बाबतीत हे नवलच होते. सैनिकांसाठी काढलेली त्याची सारांशपत्रिका मात्र युद्धखात्याने दोनच दिवसांत मागे घेतली. त्यामुळे लोकांचे कुतूहल अधिकच वाढले.

देशाच्या प्रगतीच्या वाटेवर दैन्य, रोग, अज्ञान, गलिच्छ वस्ती आणि बेकारी असे पाच राक्षस उभे आहेत, असे रूपक बेव्हरिज यांनी वापरले. त्यांतील दैन्याचा बंदोबस्त विम्याने करावयाचा. सर्वांनी सारखी वर्गणी भरावी आणि आजारपण, बेकारी, वैधव्य, वार्धक्य यांपैकी काहीही ओढवले तरी सर्वांना सारखा भत्ता मिळावा, तोही घराची झडती न घेता. वर्गणी भरलेली असल्यामुळे घेणाऱ्याची मान ताठ राहील, हा यातील गाभा होय. मात्र विमा एकटा पुरणार नाही. मुलांसाठी भत्ता, सर्वांसाठी आरोग्यसेवा आणि व्यापक बेकारी टाळण्याची सरकारची हमी या तीन गोष्टी गृहीत धरल्या तरच योजना चालेल, असे त्यांनी बजावले होते.

विवाहित स्त्रियांच्या बाबतीत मात्र हा अहवाल आपल्या काळाच्या पुढे गेला नाही. नवऱ्याच्या विम्यातच बायकोचा विमा धरला गेला आणि नोकरी करणाऱ्या विवाहितेला कमी वर्गणी व कमी लाभ हा पर्याय देण्यात आला. अनेकींनी तो स्वीकारला आणि म्हातारपणी त्याची किंमत मोजली. नव्याने हा पर्याय घेण्याची सोय १९७७ साली बंद झाली. मुलांचा भत्ता आईच्या हाती पडला याचे श्रेय एलिनॉर रॅथबोन यांना आहे. मूळ विधेयकात तो बापाला मिळावयाचा होता. रॅथबोन यांनी पार्लमेंटमध्ये निकराचा विरोध केला आणि १९४५ च्या कायद्यात दुसऱ्या मुलापासून प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग आईच्या नावे झाले.

५ जुलै १९४८

जुलै १९४५ मध्ये मजूर पक्ष ३९३ जागा जिंकून सत्तेवर आला आणि क्लेमंट ॲटली पंतप्रधान झाले. राष्ट्रीय विमा मंत्री जेम्स ग्रिफिथ्स आणि आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन हे दोघेही वेल्समधील कोळशाच्या खाणीत काम केलेले होते. बेव्हन तेराव्या वर्षी खाणीत उतरले. त्यांच्या वडिलांचा मृत्यू खाणीतील धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाने झाला, आणि तो रोग त्या वेळी कामगारांच्या रोगांच्या यादीत नसल्यामुळे भरपाई मिळाली नाही. बेव्हन यांच्या ट्रेडेगर गावात कामगारांनी मजुरीतून थोडी थोडी रक्कम बाजूला काढून वैद्यकीय साहाय्य संस्था चालविली होती आणि जवळजवळ सारे गाव तिचा लाभ घेत असे. या लहानशा नमुन्याचा विस्तार सबंध देशभर करावयाचा, असे बेव्हन यांच्या मनात होते.

डॉक्टरांच्या संघटनेने कडवा विरोध केला. फेब्रुवारी १९४८ मध्ये घेतलेल्या मतदानात दहापैकी नऊ डॉक्टरांनी विरुद्ध कौल दिला. पगारी नोकर होऊन आपले स्वातंत्र्य जाईल, अशी त्यांना भीती होती. बेव्हन यांनी मोठ्या डॉक्टरांना रुग्णालयांत खाजगी रुग्ण पाहण्याची मोकळीक दिली आणि सर्वसामान्य डॉक्टरांना पूर्णवेळ पगारी केले जाणार नाही, असे आश्वासन दिले. या तडजोडीची टीका आजही होते, पण ती झाली नसती तर ठरल्या दिवशी दवाखाने उघडले नसते.

त्या उन्हाळ्यात घरोघरी एक पत्रक पोहोचविण्यात आले. श्रीमंत-गरीब, स्त्री-पुरुष, लहान-मोठे सर्वांना ही सेवा आहे. ही भिक्षा नव्हे, करदाते म्हणून तुम्हीच तिचा खर्च उचलीत आहात. आपला डॉक्टर आताच निवडून ठेवा, एवढा मजकूर त्यात सोप्या भाषेत होता. चार्ली नावाचा एक सायकलस्वार कल्पून त्याचे हलते चित्रपटही दाखविण्यात आले. नवी योजना लोकांपर्यंत पोहोचविण्याचे काम योजनेइतकेच महत्त्वाचे असते, याची जाण ज्या खात्याला होती त्याला शाबासकी दिली पाहिजे.

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा, राष्ट्रीय विमा आणि राष्ट्रीय साहाय्य या तिन्हींची अंमलबजावणी एकाच दिवशी सुरू झाली आणि त्याच दिवशी जुना दारिद्र्यविषयक कायदा रद्द झाला. पहिल्या वर्षात पन्नास लाखांहून अधिक चष्मे दिले गेले. दातांच्या दवाखान्यांतील गर्दीही अशीच होती. खर्चाचा अंदाज चुकला, हे खरे. परंतु इतकी माणसे इतकी वर्षे अंधुक नजरेने आणि दुखऱ्या दातांनी वावरत होती, हेही त्या आकड्यांनीच उघड केले. स्त्रियांच्या दवाखान्यात आलेली जुनी, अंगावर काढलेली दुखणी पाहून कित्येक डॉक्टरांना आपला विरोध पोकळ वाटू लागला.

भारतातील पडसाद

याच काळात भारतातही या विचाराला चालना मिळाली. औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांजकडे सोपविण्यात आले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते तेव्हा डॉ. आंबेडकर यांजकडे होते. अडारकरांचा अहवाल १९४४ साली सादर झाला आणि त्यांना 'छोटा बेव्हरिज' म्हणून गौरविण्यात आले. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरू यांच्या हस्ते कानपूर येथे योजनेचा आरंभ झाला. ही व्यवस्था कारखान्यांतील कामगारांपुरती होती. ब्रिटनमधील बहुसंख्य लोक पगारावर जगत, म्हणून त्यांच्या वेतनातून वर्गणी कापता येत असे. शेतावर राबणाऱ्या, रोजंदारीवर जगणाऱ्या देशात वर्गणी कोणाकडून आणि कशी घ्यावयाची, हा प्रश्न बेव्हरिज यांच्या चौकटीत बसणारा नव्हता.

पुढील काळ

ब्रिटनमध्येही चौकट लवकरच किलकिली होऊ लागली. १९५१ साली चष्मे व कवळ्यांवर आकार बसविण्याचे ठरले आणि बेव्हन यांनी राजीनामा दिला. १९५२ पासून औषधांच्या चिठ्ठीमागे एक शिलिंग आकारला जाऊ लागला. विम्याचा भत्ता घरभाडे भागविण्यास अपुरा पडे. त्यामुळे साधनचाचणीवर आधारलेले राष्ट्रीय साहाय्य हळूहळू संपुष्टात येईल, ही बेव्हरिज यांची अपेक्षा फोल ठरली आणि ते घेणाऱ्यांची संख्या वाढतच गेली. १९६५ साली ब्रायन एबल-स्मिथ व पीटर टाउनसेंड या अभ्यासकांनी गरिबी नाहीशी झालेली नाही, विशेषतः मुलाबाळांच्या घरात ती टिकून आहे, असे आकडेवारीने दाखविले. राउंट्री यांचे काम पुन्हा एकवार करावे लागले. १९८० साली निवृत्तिवेतनाची वाढ वेतनमानापासून तोडून केवळ किंमतींशी जोडण्यात आली आणि पुढील तीस वर्षांत सामान्य मजुरीच्या तुलनेत ते मागे पडत गेले.

आरोग्यसेवेचे मूळ तत्त्व मात्र कोणत्याही पक्षाच्या सरकारने मोडले नाही. उलट औषधांच्या चिठ्ठीवरील आकार वेल्सने २००७ साली, उत्तर आयर्लंडने २०१० साली आणि स्कॉटलंडने २०११ साली रद्द केला. इंग्लंडमध्ये तो राहिला. या सेवेचा भार वाहण्यात भारतातून, त्यात मुंबई-पुण्याकडून गेलेल्या डॉक्टरांचाही वाटा मोठा आहे. १९६० नंतर खाणींच्या गावांत आणि गरीब वस्त्यांत जाण्यास स्थानिक डॉक्टर नाखूष असत, तेथे त्यांनी दवाखाने चालविले. पैसे नसले तरी उपचार मिळतात, पण वेळेवर मिळतीलच असे नाही, ही अलीकडची तक्रार आहे. २०२३ साली एकट्या इंग्लंडमधील प्रतीक्षायादी सुमारे ७७ लाखांवर गेली होती.

२०१२ च्या कायद्याने सहा निरनिराळे भत्ते एकत्र करून 'युनिव्हर्सल क्रेडिट' ही एकच योजना आणली आणि २०१३ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. ती साधनचाचणीवर आधारलेली आहे. अर्ज सामान्यतः संगणकावरून करावयाचा असतो आणि पहिली रक्कम हाती येण्यास पाच आठवडे लागतात. ज्यांच्याजवळ संगणक नाही ते सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन अर्ज भरतात, आणि पाच आठवडे काढण्यासाठी जे आगाऊ पैसे मिळतात ते पुढील हप्त्यांतून कापून घेतले जातात.